ब्राउन कायदा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा खुल्या सभांविषयीचा कायदा. नगर परिषदा, परगण्यांची मंडळे आणि सरकारी शाळा चालवणारी निर्वाचित शिक्षण मंडळे यांना तो लागू आहे. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकाने 1952 मध्ये स्थानिक संस्थांच्या चोरट्या बैठकांवर लेखमाला छापली. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, आमदार राल्फ ब्राउन यांचे विधेयक मंजूर झाले.

नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी, जाता-येता कोणालाही वाचता येईल अशा जागी लावावी लागते. पत्रिकेत नसलेल्या विषयावर, मोजके अपवाद सोडता, निर्णय घेता येत नाही. सभेला आलेल्या नागरिकाला बोलू द्यावेच लागते. दाराशी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. गुप्त मतदान निषिद्ध आहे. नेमणुका, बडतर्फी, न्यायालयीन दावे, पगाराच्या वाटाघाटी अशा ठरावीक विषयांपुरतेच बंद दाराआड बसता येते.

कायद्याचे खरे मर्म साखळी-बैठकीवरील बंदीत आहे. पाच सदस्यांच्या मंडळात एकाने दुसऱ्याला फोन केला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एखादी शाळा बंद करायची असे ठरले, की बहुमत सभेआधीच झाले. मग भर सभेत हात वर करणे हा निव्वळ देखावा उरतो. ईमेललाही हीच बंदी लागू आहे.

महत्त्वाच्या तरतुदी मोडून घेतलेला निर्णय न्यायालय रद्द ठरवू शकते. त्याआधी मंडळाकडे चूक सुधारण्याची लेखी मागणी करावी लागते. ती कोणताही हितसंबंधी नागरिक करू शकतो.