इंधन पातळी संवेदक परिपथातील दोषनिदान

वाहनाच्या टाकीतील इंधनाची पातळी विद्युत संकेताच्या रूपाने चालकासमोरील दर्शकापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेस इंधन पातळी संवेदक परिपथ म्हणतात. या परिपथात बिघाड झाल्यास दर्शकाचा काटा चुकीची पातळी दाखवतो. तथापि, काटा चुकला म्हणजे टाकीतील संवेदकच बिघडला असे नव्हे. दोष दर्शकात, तारेत, जोडणीत किंवा भूजोडणीतही असू शकतो. म्हणून टाकी उघडण्यापूर्वी परिपथाचा एकेक भाग वेगळा करून तपासणे, हे या निदानाचे मूलभूत तत्त्व होय.

रचना व कार्य

टाकीतील तरंगता गोळा एका दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. पातळीनुसार तो वरखाली होतो व दांडीचा संपर्कबिंदू चल रोधाच्या पट्टीवर सरकतो. गॅरेजमध्ये या संपूर्ण भागालाच 'फ्लोट' म्हणण्याचा प्रघात आहे. बदलत्या रोधामुळे परिपथातील विद्युतधारा बदलते आणि काटा हलतो. जुन्या वाहनांत संवेदकाची तार थेट दर्शकाला जोडलेली असते. नव्या वाहनांत बहुधा संगणकीय एकक तो संकेत वाचून दर्शकाकडे पाठवते.

रोधाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. एका प्रचलित पद्धतीत रिकाम्या टाकीस सुमारे २४० ओहम व भरलेल्या टाकीस ३३ ओहम रोध असतो. दुसऱ्या पद्धतीत क्रम उलटा, म्हणजे रिकामी असताना सुमारे १० व भरलेली असताना १८० ओहम असतो. त्यामुळे संबंधित वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडे पाहिल्याविना केलेले मोजमाप निरर्थक ठरते.

दोषांचे प्रकार

तार तुटल्यास किंवा जोडणी निखळल्यास परिपथ खुला राहतो. तारेचे आवरण झिजून ती सांगाड्याला टेकल्यास संकेत थेट भूमीकडे जातो. दोन्ही प्रसंगी काटा एका टोकाला स्थिर होतो. कोणते टोक, हे वरील पद्धतीवर अवलंबून असते. रोधपट्टी ठरावीक जागी झिजली असल्यास त्या पातळीवर काटा उड्या मारतो. गोळ्यात इंधन शिरून तो बुडाल्यास विद्युत परिपथ निर्दोष असूनही टाकी रिकामी दिसते. इंधनातील गंधकामुळे चांदीयुक्त संपर्कबिंदूंवर काळा थर जमणे हेही जुने कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी खाली आली आहे.

सर्वांत फसवा दोष गंजलेल्या भूजोडणीचा असतो. गंजामुळे परिपथात ३० ओहमची भर पडली असे मानू. पहिल्या पद्धतीत पूर्ण भरलेल्या टाकीचा रोध ३३ ऐवजी ६३ ओहम होतो आणि काटा पाऊण टाकीच्या आसपास थांबतो. यात केवळ गैरसोय आहे. दुसऱ्या पद्धतीत मात्र रिकाम्या टाकीचा रोध १० ऐवजी ४० ओहम होतो आणि नसलेले इंधन शिल्लक असल्याचे दिसते. वाहन रस्त्यात बंद पडते ते अशाच वेळी.

निदानाचा क्रम

१. वाहन सपाट जागी उभे करून टाकीतील प्रत्यक्ष इंधनाचा अंदाज घ्यावा. चढावर वा उतारावर काटा काहीसा सरकणे हा दोष नव्हे.

२. फ्यूज व शेजारचे दर्शक पाहावेत. जुन्या वाहनात इंधन व तापमान हे दोन्ही काटे एकदम चुकत असल्यास दर्शकफलकामागील व्होल्टता स्थिर ठेवणाऱ्या घटकाचा संशय घ्यावा.

३. नव्या वाहनात स्कॅनरने दोषसंकेत वाचावेत. पी ०४६० हा परिपथातील सर्वसाधारण दोष दर्शवतो. पी ०४६२ म्हणजे संकेत प्रमाणापेक्षा कमी, तर पी ०४६३ म्हणजे अधिक. पी ०४६४ हा अधूनमधून येणाऱ्या दोषाचा संकेत आहे.

४. चावी बंद करून टाकीजवळची जोडणी सोडवावी व संवेदकाच्या जागी पुस्तिकेतील मूल्याचे रोध लावावेत. चावी चालू केल्यावर काटा अपेक्षित जागी गेल्यास दर्शक व तार निर्दोष ठरतात आणि दोष टाकीकडे उरतो. संगणकीय एकक असलेल्या वाहनात संकेताची तार थेट सांगाड्याला टेकवू नये.

५. जोडणी पूर्ववत करून, चावी चालू ठेवून, भूजोडणी व बॅटरीचे ऋण टोक यांतील विभवांतर मोजावे. ते सुमारे ०.१ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास भूजोडणी खरवडून स्वच्छ करावी.

६. एवढे करूनही दोष राहिल्यास संवेदक बाहेर काढावा. दांडी सावकाश वरखाली करताना मल्टीमीटरवरील रोध खंड न पडता बदलला पाहिजे.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. टाकी उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, काम मोकळ्या हवेत करावे, जवळ अग्निशामक ठेवावा आणि उघडा दिवा, विडी वा ठिणगी उडवणारे अवजार दूर ठेवावे. टाकी काठोकाठ भरलेली नसावी.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावती व अकोला जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा उष्णतेत प्लास्टिकच्या जोडण्या व तारांची आवरणे वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होतात. पावसाळ्यात शेतरस्त्यांवरची काळी चिकण माती वाहनाच्या तळाला चिकटून ओल धरून ठेवते, त्यामुळे सांगाड्यावरील भूजोडण्या प्रथम तपासणे हितावह असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात काट्याच्या हालचालीवरून निष्कर्ष काढू नये.

बडनेरा व मूर्तिजापूर या गावांवरून अमरावती व अकोला यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जड वाहतूक मोठी आहे. तेथे रात्री इंधन संपून उभे राहिलेले वाहन मागून येणाऱ्यांनाही धोकादायक ठरते. डिझेल वाहनात टाकी कोरडी पडल्यास इंधननळीत हवा शिरते व ती काढल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. पेट्रोल वाहनातील टाकीस्थित पंप इंधनानेच थंड राहत असल्याने वारंवार कोरडा चालल्यास तो निकामी होऊ शकतो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद ठेवावी व त्यावरून उरलेल्या इंधनाचा हिशेब करावा. जुन्या ट्रकचे व ट्रॅक्टरचे चालक टाकीत स्वच्छ पट्टी बुडवून पातळी पाहतात. ही पद्धत काट्याची खातरजमा करण्यास आजही उपयोगी आहे.

हेही पहा

* ओहमचा नियम
* मल्टीमीटर
* इंधन पंप
* राष्ट्रीय महामार्ग ५३