गावची शाळा आणि पाड्यावरचे पोर

शहापूर-मुरबाडकडे शाळा कोणी आणली, असे विचारले तर आपण चटकन सांगतो, "इंग्रजांनी." हे तितकेसे खरे नव्हे. १८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्टसाहेब लिहून गेले, की आमच्या मुलखात शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. १८२९ च्या मोजणीत मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आढळल्या. त्यांतल्या सरकारी अगदी थोड्या. बाकी साऱ्या पंतोजींच्या.

पंतोजींची शाळा म्हणजे देवळाची ओसरी, नाही तर कुणा सधन गृहस्थाची पडवी. धूळपाटीवर अक्षर गिरवायचे, मोडीचे वळण बसवायचे, आणि घोळक्याने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकायची. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही. पंतोजींना मोबदला कधी पैशांत, कधी धान्यात. हिशेब मात्र पक्का होई, बरं का! आजच्या एखाद्या पदवीधराला औटकी विचारून पाहा. पण हा हिशेब शिकणार कोण? ज्याला तो पुढे ठेवायचा आहे तो. कुलकर्ण्यांचा मुलगा, वाण्याचा मुलगा. मुलींना आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना त्या पडवीत जागा नव्हती.

आता साहेबांचा 'गाव' हा शब्द जरा तपासू. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या खाली गाव म्हणजे काय? मध्ये गावठाण, आणि भोवती रानात ठाकरांचे, कातकऱ्यांचे, महादेव कोळ्यांचे पाडे. शाळा गावठाणात. पाडा ओढ्यापलीकडे, आणि ओढा पावसाळ्यात, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत, फुगलेला. आपल्या भागातल्या शिक्षणाचा इतिहास मला तरी या अंतराचाच इतिहास वाटतो.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते निघाले. १८६१ च्या आरंभी आगगाडी कसाऱ्याला पोहोचली. पाडा होता तिथेच राहिला. याच सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे गेला. म्हणजे कुणबी भात पिकवून पट्टी भरणार, आणि त्याचे पोर गुरांमागे! जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे नेमके हेच मांडले: पैसा रयतेचा, तर बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा. तशी सक्ती कायद्याने पुरती व्हायला २०१० उजाडले.

मधल्या काळात अंतर तोडण्याचे दोन मार्ग निघाले. एक, पोर उचलून शाळेत आणायचे. बाळासाहेब खेरांचे १९४० चे आदिवासी सेवा मंडळ, पुढे १९७२ नंतर वाढलेल्या सरकारी आश्रमशाळा, या याच वाटेच्या. दुसरा मार्ग मला अधिक धीट वाटतो. १९५७ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूजवळ कोसबाडला गेल्या. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. २०१४ पासून ते पालघरमध्ये आहे. मुले गुरे सोडून येईनात, तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणावर नेली! तीच कुरणशाळा.

आपल्याकडे गुरांची जागा वीटभट्टीने घेतली. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भट्टीवर निघतात, ती पाऊस लागायच्या बेतात परततात. हजेरीपटावरचे पोरही त्यांच्याबरोबर जाते. १९९० नंतर विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची खोपटी. शिक्षक तिथे चालत जाई.