ध्रुवसमुद्राचें दफ्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या मनासमोर बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमाल उभे राहतात. माणसानें माणसाविषयीं लिहून ठेविलें तेवढेंच काय तें साधन, अशी आपली समजूत असते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेहि प्रदेश आहेत कीं, जेथें लिहावयास कोणी माणूसच वस्तीला नव्हता, आणि तरीहि ज्यांचा इतिहास आज आपणांस हवासा, नव्हे निकडीचा, झाला आहे. उत्तर ध्रुवाभोंवतालचा गोठलेला समुद्र आणि दक्षिण ध्रुवखंडासभोंवार दरसाल हिंवाळ्यांत पसरणारें बर्फाचें कडें हे असे दोन प्रदेश होत. त्यांचें दफ्तर कसें जमलें, कोणीं जमविलें आणि त्यावर भरंवसा कितपत ठेवावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचा विषय पदार्थविज्ञान नव्हे, इतिहास होय; तेव्हां यंत्रांच्या पोटांत जरूर तेवढेंच शिरूं.

आधीं एक घोंटाळा दूर केला पाहिजे. ध्रुवप्रदेशांतील बर्फ दोन जातींचें असतें. एक जमिनीवरचें, शतकानुशतकें पडलेल्या हिमाचे थर दडपून तें झालें आहे, व ग्रीनलंडांत आणि दक्षिण ध्रुवखंडावर त्याची जाडी किलोमीटरांनीं मोजतात. दुसरें समुद्राचें पाणीच गोठून झालेलें. त्याची जाडी दोन-तीन मीटर, क्वचित् अधिक. हें दुसरें बर्फ मुळांत पाण्यावर तरंगतच असल्यामुळें वितळलें तरी समुद्राची पातळी म्हणण्यासारखी चढत नाहीं. परंतु जोंवर तें आहे तोंवर सूर्याचा बराचसा प्रकाश तें परत पाठवितें, आणि तें गेलें कीं खालचें काळें पाणी तोच प्रकाश पिऊन तापतें. म्हणून ह्या पातळ पापुद्र्याचा हिशेब ठेवण्यास इतकें महत्त्व आलें आहे. आमचा लेख ह्या दुसऱ्या जातीपुरताच आहे.

उपग्रहांपूर्वीं हा हिशेब ठेविला तो खलाशांनीं, आणि तोहि आपापल्या जिवाच्या काळजीनें. देवमाशांची शिकार करणारीं गलबतें जेथें बर्फाची कड लागली तें ठिकाण रोजनिशींत टिपून ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्कच्या हवामानखात्यानें अशा नोंदी एकत्र करून नकाशे छापण्यास सुरुवात केली. कधीं कधीं साधन अगदीं अनपेक्षित ठिकाणीं हातीं येई. ‘जेनेट’ नांवाचें अमेरिकन जहाज १८७९ सालीं सैबीरियाच्या उत्तरेकडील समुद्रांत अडकलें, जवळजवळ दोन वर्षें बर्फाबरोबर वाहत राहिलें आणि १८८१ च्या जूनमध्यें चिरडून बुडालें. पुढें तीन वर्षांनीं त्या जहाजाच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या कांहीं वस्तु ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाहून आलेल्या सांपडल्या. एवढ्या चिंध्यांवरून नान्सेन ह्या नॉर्वेच्या संशोधकानें ताडलें कीं, सगळें बर्फच ध्रुवसमुद्र ओलांडून पश्चिमेकडे सरकत असलें पाहिजे. आणि १८९३ सालीं त्यानें आपलें ‘फ्राम’ जहाज मुद्दाम त्या बर्फांत गोठूं दिलें. १८९६ सालीं तें दुसऱ्या बाजूनें सुखरूप बाहेर आलें. साधनाची पारख म्हणतात ती हीच. परंतु जहाज जेथें गेलें तेथलीच हकीकत जहाज सांगणार; हिंवाळ्याच्या सहा महिन्यांच्या रात्रीं, समुद्राच्या मध्यभागीं काय घडतें, हें त्या नोंदींत यावें कोठून?

अमेरिकेनें १ एप्रिल १९६० रोजीं ‘टायरॉस’ हा पहिला हवामान-उपग्रह सोडला, आणि आकाशांतून पृथ्वीकडे पाहणारा डोळा प्रथम उघडला. १९६४ च्या ऑगस्टमध्यें गेलेला ‘निंबस’ हा ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह महिनाभरहि चालला नाहीं. तथापि त्याच्या गोष्टीकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे. ह्या डोळ्यांत एक उघड उणीव होती. तो साधा छायाचित्राचा डोळा. त्यास उजेड पाहिजे आणि मध्यें ढग नकोत. आणि ध्रुवसमुद्र तर अर्धें वर्ष अंधारांत, व उरलेल्या अर्ध्यांतले बहुतेक दिवस ढगांखालीं!

ही अडचण सुटली ती एका चमत्कारिक गुणधर्मामुळें. प्रत्येक वस्तु आपल्या उष्णतेच्या मानानें कांहीं लहरी बाहेर टाकीत असते. त्यांतील सेंटिमीटरभर लांबीच्या ज्या सूक्ष्मलहरी, त्यांस अंधाराचें सोयरसुतक नाहीं आणि बहुतेक ढगहि त्यांस आडवीत नाहींत. आतां समुद्राचें पाणी बर्फाहून गरम, म्हणून तें अधिक उजळ दिसेल असें कोणासहि वाटेल. परंतु होतें उलट. ह्या लहरी बाहेर टाकण्यांत पाणी फार कृपण आहे आणि बर्फ उदार. त्यामुळें आकाशांतून पाहतां गरम पाणी काळें आणि थंड बर्फ तेजस्वी दिसतें. डिसेंबर १९७२ मध्यें ‘निंबस-५’ वरून ह्या लहरी टिपणारें यंत्र गेलें. त्याची नजर जाडीभरडी होती. पंचवीस-तीस किलोमीटरांचा एकेक ठिपका. तरी सबंध ध्रुवसमुद्र, रात्रीं आणि ढगांतून, माणसास प्रथम दिसला तो ह्या यंत्रामुळें.

आणि दिसलें तें काय? दक्षिण ध्रुवखंडाजवळील वेडेल समुद्रांत, १९७४ च्या ऐन हिंवाळ्यांत, बर्फाच्या मधोमध उघड्या पाण्याचें एक प्रचंड विवर. त्याचा विस्तार सुमारें अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडाच कमी. १९७५ आणि १९७६ च्या हिंवाळ्यांत तें पुन्हा उघडलें. तळाकडचें किंचित् उबदार पाणी वर येऊन तेथें बर्फ धरूंच देत नव्हतें, अशी त्याची उपपत्ति आहे. त्यानंतर एवढें विवर पुन्हा पडलें नाहीं; २०१६ आणि २०१७ सालीं पडलें तें पुष्कळच लहान. आम्हांस ह्या प्रकरणांत विशेष वाटतो तो योगायोग. ‘निंबस-५’ चार-पांच वर्षें उशीरां सोडला असता, तर एवढी मोठी घटना घडून गेल्याचें जगांत कोणासहि कळलें नसतें. ज्या घटनांस साक्षीदारच मिळाला नाहीं, अशा किती घडून गेल्या असतील!

सलग दफ्तर सुरू होतें तें ऑक्टोबर १९७८ पासून. त्या महिन्यांत ‘निंबस-७’ गेला आणि १९८७ च्या ऑगस्टपर्यंत एक दिवसाआड बर्फाची नोंद करीत राहिला. त्याच्या मागून हें काम ज्या उपग्रहांनीं चालविलें ते अमेरिकेच्या लष्कराचे. आपल्या नाविकांस व वैमानिकांस हवामान कळावें एवढ्यासाठीं सोडलेले. पुढील पिढ्यांकरितां हवापालटाचा पुरावा गोळा करावा, हा त्यांचा हेतु नव्हता. आम्हांस तर ह्यामुळेंच हा पुरावा अधिक विश्वासार्ह वाटतो. कारकुनानें दाणावैरणीच्या हिशेबाकरितां लिहिलेला कागद बखरकाराच्या वर्णनाहून जो मोलाचा ठरतो, तो ह्याच कारणास्तव.

परंतु दोन उपग्रहांचीं यंत्रें कधींहि हुबेहूब सारखीं नसतात. जुन्या कागदांवरील शुहूर सनाचा इसवी सनाशीं मेळ घालावयास जंत्री लागते, तशी येथेंहि जंत्री लागते. आणि ती तयार व्हावयाची तर जुना उपग्रह मिटण्यापूर्वीं नव्यानें कांहीं काळ त्याच्या जोडीनें तेंच बर्फ पाहिलें पाहिजे. १९८७ च्या उन्हाळ्यांत असा जोडकाळ मिळाला तो अवघा सहा आठवड्यांचा. पुढील सर्व तुलना त्या सहा आठवड्यांच्या खुंटीवर टांगलेली आहे.

साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून त्याची जबानी घेऊं नये. ह्या दफ्तरांत डिसेंबर १९८७ पासून जानेवारी १९८८ पर्यंतचीं सुमारें चाळीस दिवसांचीं पानें कोरीं आहेत, कारण यंत्र तापल्यामुळें तें बंद ठेवावें लागलें. उपग्रहाचा मार्ग नेमका ध्रुवावरून जात नसल्यामुळें ध्रुवाभोंवतीं एक वर्तुळ त्यास मुळींच दिसत नाहीं. पहिल्या यंत्राच्या बाबतींत तें साडेचौऱ्यायशीं अक्षांशांपासून पुढचें. तेथें बर्फच आहे असें गृहीत धरतात. उन्हाळ्यांत बर्फावर वितळलेल्या पाण्याचीं डबकीं सांचतात, तीं यंत्रास उघडा समुद्र वाटतात. म्हणून शास्त्रज्ञांनीं असा दंडक घातला कीं, ज्या ठिपक्यांत शेंकडा पंधरा किंवा अधिक बर्फ भरेल तो सबंध ठिपका बर्फाच्या विस्तारांत धरावयाचा. दंडक ढोबळ आहे. परंतु तो सर्व वर्षांस एकच लावलेला असल्यामुळें तुलनेस बाध येत नाहीं.

आतां ह्या साक्षीदाराची जबानी ऐका. उत्तर समुद्रावरील बर्फ सप्टेंबरांत सर्वांत कमी असतें. १९७९ सालच्या सप्टेंबरांत त्याचा विस्तार सुमारें सत्तर लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ च्या सप्टेंबरांत तो चौतीस लाखांवर आला, म्हणजे हिंदुस्थानच्या क्षेत्रफळाहून जेमतेम जास्त. पुढच्या वर्षांत तो थोडा वर-खालीं झाला, पण पहिल्या दशकाच्या मानास पुन्हा पोंचला नाहीं. दक्षिणेचा प्रकार निराळा. तेथें बर्फ सावकाश वाढत वाढत २०१४ सालीं दोन कोटि चौरस किलोमीटरांच्या वर गेलें, २०१६ पासून एकाएकीं उतरलें, आणि २०२३ च्या हिंवाळ्यांत एक कोटि सत्तर लाखांपर्यंतहि चढलें नाहीं.

आमच्या वर्गांत एकदां ही हकीकत निघाली असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या नोंदीस इतिहास कसें म्हणावयाचें? सुरुवातच एखाद्या विलक्षण वर्षापासून झाली असेल तर?” प्रश्न चोख होता. त्याचें उत्तर आमच्यापाशीं त्या दिवशीं नव्हतें. तें पुढें आम्हांस सांपडलें, तें वर उल्लेखिलेल्या अल्पायुषी ‘निंबस’ च्या गोष्टींत.

त्या उपग्रहानें १९६४ च्या सप्टेंबरांत पाठविलेलीं चित्रें फिल्मवर उतरवून ठेवलीं होतीं. तीं अमेरिकेंतील ॲशव्हिल येथील संग्रहांत डब्यांत बंद राहिलीं. जवळजवळ पन्नास वर्षें त्यांकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. शेवटीं कोलोरॅडोमधील हिमविषयक संशोधनसंस्थेच्या कांहीं मंडळींनीं तीं बाहेर काढलीं, एकेक चित्र यंत्रांतून नव्यानें उतरविलें, ढगांमधून बर्फाची कड शोधून काढली, आणि २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुमाल सोडून कागद लावीत बसण्याचेंच हें काम; ज्यानें तें केलें आहे त्यास त्यांतील कंटाळा आणि आनंद दोन्ही कळतील. निष्कर्ष असा कीं, १९६४ च्या सप्टेंबरांत उत्तरेचें बर्फ सुमारें एकोणसत्तर लाख चौरस किलोमीटर होतें. म्हणजे १९७९ चें मान विलक्षण नव्हतें. उतार खरा आहे. दक्षिणेस मात्र त्याच महिन्यांत एक कोटि सत्त्याण्णव लाख, आणि दुसऱ्या ‘निंबस’ च्या चित्रांवरून १९६६ च्या ऑगस्टांत एक कोटि एकोणसाठ लाख! दोन वर्षांत एवढें अंतर. तेव्हां एकाच जुन्या कागदानें उत्तरेचा दावा बळकट केला आणि दक्षिणेविषयीं आपली जीभ आवरावयास लावली. २०१६ नंतरची घट हा कायमचा पालट आहे अशी भीति पुष्कळ शास्त्रज्ञांस वाटते, आणि ती निराधार नाहीं. परंतु निकाल देण्याची घाई आम्ही तरी करणार नाहीं.

आपल्या देशाचाहि ह्या प्रकरणाशीं संबंध आहे. डॉ. कासीम ह्यांच्या नेतृत्वाखालीं पहिली हिंदी तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली आणि दक्षिणेकडील बर्फांतून वाट काढीत ९ जानेवारी १९८२ रोजीं ध्रुवखंडावर उतरली. त्यानंतर २००९ सालीं गेलेला ‘ओशनसॅट-२’ आणि फ्रान्सच्या सहकार्यानें २०१३ सालीं गेलेला ‘सरल’ ह्या आपल्या उपग्रहांच्या नोंदीहि समुद्रबर्फाच्या अभ्यासांत उपयोगीं पडल्या.

ह्या दफ्तराची एक उणीव मात्र २०२५ सालीं सर्वांच्या नजरेस आली. जूनमध्यें अमेरिकन लष्कराकडून जाहीर झालें कीं, आपल्या जुन्या उपग्रहांच्या नोंदी महिनाअखेरपासून बाहेर दिल्या जाणार नाहींत. अभ्यासकांनीं ओरड केल्यावर ही मुदत आधीं एक महिन्यानें आणि मग २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत लांबविण्यांत आली. मधल्या काळांत कोलोरॅडोच्या संस्थेनें जपानच्या २०१२ सालच्या उपग्रहावरील यंत्राचा आधार घेतला. तो उपग्रह पांच वर्षें चालावा म्हणून बांधला होता आणि तेव्हां त्यास तेरा वर्षें झालीं होतीं. त्याचा पाठीराखा उपग्रह जपाननें तानेगाशिमा बेटावरून २९ जून २०२५ रोजीं आकाशांत सोडला.