तारखेचा शिक्का : संगणकाच्या बांधणीतील एक गोष्ट

निकालाच्या दिवसांत शाळेतला संगणक उघडून पाहिला तर 'निकाल', 'निकाल नवीन', 'निकाल शेवटचा' आणि 'निकाल अगदी शेवटचा' अशी नावे दिलेल्या चार फाइली हमखास सापडतात. यांतली खरी कोणती, हे महिन्याभराने त्या करणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग कोणी शहाणा सहकारी सुचवतो, "नावापुढे तारीख घालत जा." उपाय सोपा आहे आणि बहुतेक वेळा पुरतोही. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी हाच उपाय केला. तारखेचा हा शिक्का त्यांच्या उपयोगी कसा पडला, पुढे त्याचीच अडचण कशी झाली आणि त्या अडचणीतून वाट कशी निघाली, ते या लेखात पाहू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. माणूस लिहितो ती मूळ आज्ञावली यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा शेकडो फाइली असतात. त्या सर्वांचे रूपांतर करायचे, तुकडे जोडायचे आणि तयार वस्तू एका गठ्ठ्यात बांधायची, या साऱ्या क्रियेला 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणतात. त्यासाठी ओळीने द्यायच्या आज्ञा ज्या फाइलीत लिहून ठेवतात, ती बांधणीची स्क्रिप्ट.

सेकंदाचा साठावा भाग

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेनुसार काळ मोजला जाई तो १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत. मोजणीसाठी ३२ बिट होते. आपणच हिशेब करू. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी निरनिराळ्या संख्या मावतात. त्याला ६० ने भागले की सुमारे ७ कोटी १६ लाख सेकंद येतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षे! ही अडचण त्या पुस्तिकेतच नोंदवलेली होती. पुढे एकक पूर्ण सेकंदाचे झाले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ठरला. आजही असंख्य संगणक त्याच क्षणापासून सेकंद मोजतात.

यातली कल्पना मोलाची आहे. संगणकाच्या पोटात तारीख, वार, महिना असे काही नसते. तिथे असते फक्त वाढत जाणारी एक संख्या. तारीख हे त्या संख्येला माणसाच्या सोयीसाठी चढवलेले रूप होय.

एक वाया गेलेली सकाळ

बेल प्रयोगशाळेतच १९७६ मध्ये स्टीव्ह जॉन्सन हे संशोधक वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. अख्खी सकाळ त्यांनी एक चूक शोधण्यात घालवली होती, आणि ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्ती झाली होती मूळ फाइलीत, पण त्या फाइलीचे पुन्हा रूपांतर करायचे राहिले होते. त्यामुळे जोडणीत जुनाच तुकडा येत होता. आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांचाही वेळ अशाच घोटाळ्यात गेला होता. त्यातून त्यांनी 'मेक' हा प्रोग्राम लिहिला.

मेकचा नियम कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल असा आहे. प्रत्येक फाइलीवर ती शेवटची कधी बदलली याची नोंद असते. मूळ फाइलीची वेळ तयार तुकड्याच्या वेळेनंतरची असेल, तर तुकडा शिळा झाला. तेवढा पुन्हा करायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. या कामाबद्दल फेल्डमन यांना २००३ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला.

मेकला तारीख वाचता येण्याची गरज नाही. आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, एवढेच त्याला पुरते. मात्र दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील, तर उद्याच्या वेळेची फाइल आजच समोर येते आणि हा नियम गोंधळतो.

तारीख लिहायची कशी?

बांधलेली वस्तू माणसाच्या हाती जाते, तेव्हा तिच्यावर माणसाला वाचता येईल असा शिक्का हवा. युनिक्सची 'डेट' ही आज्ञा सुरुवातीला एकाच ठरावीक साच्यात उत्तर देई : वार, महिन्याचे इंग्रजी संक्षिप्त नाव, दिनांक, वेळ, वर्ष. वाचायला हे ठीक आहे, पण फाइलींच्या नावात घातले तर पंचाईत होते. इंग्रजी वर्णक्रमाने लावल्यास एप्रिल सर्वांत आधी येतो आणि सप्टेंबर सर्वांत शेवटी!

म्हणून साचा आपल्याला ठरवता येण्याची सोय आली. टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर लिहायचे. मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष, छोटा एम म्हणजे महिना, छोटा डी म्हणजे दिनांक. १९८९ च्या अमेरिकी प्रमाण सी भाषेत 'एसटीआरएफटाइम' या नावाने हीच सोय आहे. त्याच प्रमाणात कंपायलरसाठी 'डेट' आणि 'टाइम' असे दोन राखीव शब्दही आहेत. ते आज्ञावलीत लिहिले, की कंपायलर त्यांच्या जागी रूपांतराची तारीख आणि वेळ आपोआप भरतो. आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले होते. त्यात क्रम असा : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ०५/०६/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेत ६ मे. २०२४-०६-०५ यात असा संशय उरत नाही. शिवाय अशी नावे अक्षरक्रमाने लावली की काळाच्या क्रमानेही लागतात. पण त्यासाठी पुढचे शून्य गाळून चालत नाही. गाळले तर १० जून हा ५ जूनच्या आधी जाऊन बसतो.

या छोट्या अक्षरांनी मोठे घोटाळेही केले आहेत. छोटा एम म्हणजे महिना, पण मोठा एम म्हणजे मिनिटे. ५ जून २०२४ ला दुपारी अडीच वाजता चुकून मोठा एम लिहिला, तर शिक्का उमटतो २०२४३००५, म्हणजे तिसावा महिना! मोठ्या वायऐवजी मोठा जी लिहिला तर आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष मिळते. ते वर्षभर बरोबर दिसते आणि वर्षाच्या टोकाला फसवते. २९ डिसेंबर २०१४ या सोमवारी ते २०१५ असे येते, कारण तो आठवडा २०१५ चा पहिला धरला जातो. सी भाषेत वर्षाची संख्या १९०० पासून मोजून ठेवतात. तिच्यामागे नुसते '१९' चिकटवणाऱ्या प्रोग्रामांनी २००० साल उजाडताच '१९१००' छापले. अमेरिकेची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही त्या दिवशी हेच दिसले होते.

आणखी एक प्रश्न उरतोच : वेळ कोणत्या गावची? ५ जूनला पुण्यात सकाळचे १० वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात ४ जूनच्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. एकाच क्षणी केलेल्या दोन बांधण्यांवर दोन तारखा पडतात. मुंबईकरांच्या आजी-आजोबांना हा अनुभव घरबसल्या होता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत वापरात राहिला. यावर उपाय एकच : शिक्का जागतिक प्रमाणवेळेत मारायचा आणि तसे त्यावर लिहायचे.

प्रोग्राम एकच, ठसे दोन

इथवरच्या अडचणी लेखनाच्या होत्या. खरी अडचण वेगळीच निघाली. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात दाखवून दिले, की कंपायलरमध्येच लबाडी लपवली तर मूळ आज्ञावली कितीही निर्मळ असली तरी तयार प्रोग्राम दूषित निघू शकतो. आज्ञावली वाचून ती लबाडी दिसणार नाही. २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी बांधणी चालू असतानाच आपला घातक भाग आत घुसवला होता. अधिकृत मार्गाने आलेला तो गठ्ठा हजारो संस्थांनी विश्वासाने घेतला.

मग खात्री कशी करावी? विज्ञानातली रीत आपल्याला ठाऊक आहे : प्रयोग दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून पाहायचा. दोघांनी आपापल्या संगणकांवर त्याच आज्ञावलीची बांधणी करावी आणि दोन्ही गठ्ठ्यांचे गणिती ठसे ताडून पाहावेत. हा ठसा असा असतो, की गठ्ठ्यात एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. आणि इथेच आपला शिक्का आडवा येतो! एकाने १० वाजता बांधणी केली, दुसऱ्याने ११ वाजता. आत कोरलेली वेळ वेगळी, म्हणून ठसेही वेगळे. हा फरक निरुपद्रवी शिक्क्याचा की लबाडीचा, हे ठशावरून सांगता येत नाही.

डेबियन या मुक्त प्रणालीच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून हे काम नेटाने हाती घेतले. शोधता शोधता शिक्के कुठे कुठे सापडावेत? राखीव शब्दांत होते, गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रामांत होते, जीझिप पद्धतीने दाबलेल्या फाइलीच्या सुरुवातीच्या भागातल्या चार बाइटांतही होते. फाइलींचा क्रम, फोल्डरांची नावे अशी इतर कारणेही निघाली, पण वेळ हे त्यांतले वारंवार भेटणारे कारण होते.

शिक्का काढून टाकणे हा एक मार्ग झाला. पण तारीख लोकांना हवी असते. म्हणून २०१५ मध्ये 'सोर्स डेट इपॉक' नावाचा संकेत ठरला. बांधणी सुरू करताना स्क्रिप्टने एक संख्या जाहीर करायची : मूळ आज्ञावलीत शेवटचा बदल झाला तो क्षण, १९७० पासूनच्या सेकंदांत. सर्व साधनांनी भिंतीवरचे घड्याळ न पाहता हीच संख्या घ्यायची आणि जागतिक वेळेत छापायची. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या २०१७ मधील सातव्या आवृत्तीपासून राखीव शब्दही हा संकेत मानतात. आता बांधणी आज करा किंवा दहा वर्षांनी, साधने तीच ठेवली तर शिक्का तोच उमटतो.

पुस्तकाची आवृत्ती कोणत्या सालची, हे आपण पाहतो. आपल्या हातातली प्रत छापखान्यात किती वाजता निघाली, हे विचारत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनाही हाच फरक कळायला बरीच वर्षे लागली. शिक्का कशासाठी मारायचा, हे आधी ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

१. दोन विद्यार्थ्यांना एकच परिच्छेद निरनिराळ्या वेळी टंकित करायला सांगा आणि खाली लिहिण्याची वेळ घालायला लावा. अक्षरन् अक्षर जुळते का ते तिसऱ्याने पाहावे. मग वेळेऐवजी मूळ पुस्तकाचे प्रकाशनवर्ष घालून पुन्हा पाहावे.

२. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून १०० कोटी सेकंद कधी पूर्ण झाले, ते लीप वर्षे लक्षात घेऊन काढा. उत्तर : ९ सप्टेंबर २००१, जागतिक वेळ ०१:४६:४०, आपल्याकडे सकाळचे ७ वाजून १६ मिनिटे ४० सेकंद.

३. ३२ बिटांतला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी ठेवला, तर सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ उरते. तेवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला भरतात. त्या दिवशी आपल्या घड्याळात किती वाजलेले असतील?