नाव घातलेली भांडी

मराठी घरात कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती घराबाहेर काढायची, हा निर्णय पूर्वी एका दिवसात होत नसे आणि बहुधा एकट्यादुकट्याने घेतलाही जात नसे. कापड, लाकूड, कागद आणि धातू यांतील प्रत्येकाची विल्हेवाट लावण्याची रीत वेगळी होती, ती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती आणि ती पाळण्याचे काम मुख्यतः घरातील वडीलधाऱ्या बायकांकडे असे. या सर्वांत तांब्या-पितळेच्या भांड्यांचा इतिहास विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कारण भांडे हे एकाच वेळी रोजच्या वापराचे साधन, अडीअडचणीला मोडता येणारी ठेव आणि अंगावर घातलेल्या नावामुळे कुटुंबाचा एक लेखही असे. यांतील पहिल्या दोन कामांना नवे पर्याय मिळाले तेव्हा तिसऱ्याचा विचार फारसा कोणी केला नाही आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कुटुंबांच्या, त्यातही स्त्रियांच्या, आठवणींचा एक मोठा लिखित साठा भट्टीत वितळून गेला.

कापडाची वाट सर्वांत सरळ होती. नऊवारी लुगडे विरले की त्यातला धड भाग काढून तान्ह्या मुलाची दुपटी शिवत, उरलेल्याचे थर एकमेकांवर घालून गोधडी किंवा वाकळ शिवत, तीही फाटली की चिंध्यांचे पोतेरे, म्हणजे शेणाने जमीन सारवण्याचे फडके, होई. जरीच्या काठांतील चांदीला मोल असल्याने ते काठ वेगळे काढून विकले जात. शहरांत या साखळीत बोहारीण आली. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देणारी ही फेरीवाली मुंबईत बहुधा गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाची असे, आणि दारात बसून तिच्याशी होणारी घासाघीस हा दुपारच्या वेळचा एक नेहमीचा व्यवहार होता. गोधडीत कोणाच्या लुगड्याचा कोणता तुकडा गेला हे घरातील बायका बोट ठेवून सांगू शकत. पण ती आठवण सांगणारीबरोबरच संपे, कारण कापडावर काही लिहिलेले नसे.

घर रिकामे करण्याला धर्माचाही आधार होता. दसरा-दिवाळीच्या आधी माळे उतरवून घर झाडण्याची चाल सर्वत्र आहेच. शिवाय पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या धर्मशास्त्रीय ग्रंथात लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा विधी नोंदलेला आहे. फुटकेतुटके आणि विटलेले ते अलक्ष्मीच्या बाजूचे, हा समज त्यातून दृढ झाला. धातूचे भांडे मात्र या झाडलोटीतून सुटे. ते गळू लागले तर त्याला डाग देत, म्हणजे भोकावर तुकडा बसवून ते झाळत; पोचा पडला तर तो ठोकून काढीत; आतला पांढरा लेप उडाला तर कल्हई करून घेत. नवसागर आणि कथील यांच्या साहाय्याने भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर देण्याच्या या क्रियेमुळे आंबट पदार्थ कळकत नसत आणि भांडे पुन्हा काही महिने चाले. एका हंड्याने तीन पिढ्या पाणी भरले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नसे.

ही भांडी घडवणाऱ्यांची वस्ती पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून आहे आणि तांब्याच्या अंगावर हातोडीने एकसारखे बारीक ठोके देण्याचे तेथील मठारकाम आजही ओळखले जाते. हे ठोके केवळ शोभेचे नसतात. त्यांनी पत्रा घट्ट आणि टणक होतो. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील पुण्याच्या खंडांतही तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. हंडा, कळशी, घागर, परात, तपेले, घंगाळ, बंब, चरवी, गडू, ओगराळे, वेळणी ही नावे त्या काळच्या मध्यम स्थितीच्या कोणत्याही घरातल्या मांडणीवर भेटत, आणि लग्नमुंजीच्या वेळी ही सारी भांडी शेजारीपाजारी व भाऊबंदांकडे फिरत. पन्नास घरांच्या पराती एकाच मांडवात आल्यावर कोणती कोणाची हे कळावे, ही नाव घालण्यामागची पहिली आणि साधी गरज होती.

नाव घालणारा कारागीर भांडे मांडीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर टेकवून बारीक छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देत असे आणि एकापुढे एक पडलेल्या टिंबांतून देवनागरी अक्षर उमटत असे. जागा ठरलेल्या असत: घागरीच्या गळ्यावर, परातीच्या काठावर, तांब्याच्या पोटावर. मजुरी अक्षरामागे मोजली जात असल्याने मजकूर आखडता घेतला जाई, आणि त्यातून पत्रिकांमध्ये व पत्रांच्या मायन्यात दिसणारी संक्षेपांची भाषा भांड्यांवरही रुळली. रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री, चि. सौ. कां. म्हणजे लग्न ठरलेल्या मुलीला लावले जाणारे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, कै. म्हणजे कैलासवासी, मु. पो. म्हणजे मुक्काम व पोस्ट. त्यापुढे कधी शके, कधी इसवी सन, कधी नुसती तिथी. मामाने भाचीला, आजोळने नातवाला, मित्रमंडळीने वराला, अमक्याच्या स्मरणार्थ मुलांनी देवळाला, असा दात्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध दोन-तीन शब्दांत सांगितलेला असे. अधिक मासात जावयाला द्यायच्या वाणाचे ताट किंवा तांब्या असेल तर तो कोणत्या वर्षाचा हे ठरवणे आणखी सोपे जाते, कारण अधिक मास सुमारे तीन वर्षांतून एकदाच येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेल्या वाटीवर मात्र दोन आद्याक्षरांपलीकडे सहसा काही नसे.

या मजकुराचे ऐतिहासिक मोल सर्वांत जास्त आहे ते स्त्रियांच्या बाबतीत. अनेक मराठी कुटुंबांत लग्नाच्या वेळी ताटातल्या तांदळात नवे नाव लिहून वधूचे केवळ आडनावच नव्हे तर स्वतःचे नावही बदलले जाई, आणि त्यानंतर तिचा उल्लेख सासरच्या कागदांत झालाच तर त्या नव्या नावाने होई. ज्या मुलींना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांचे माहेरचे नाव सरकारी दप्तरात हुडकणे आज जवळजवळ अशक्य आहे. माहेरून आलेल्या भांड्यावर मात्र ते नाव, वडिलांच्या नावासह आणि पुष्कळदा गावासह, घातलेले असे. वंशावळीत जिची नोंद ‘अमक्याची पत्नी’ एवढीच आहे, तिचे पूर्ण नाव एखाद्या कळशीच्या गळ्यावरच उरलेले असण्याची शक्यता म्हणून फार मोठी आहे. त्या नावाला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ होता. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या टीकाग्रंथाने आई, वडील, भाऊ, पती यांनी दिलेले आणि विवाहाग्नीसमोर मिळालेले धन स्त्रीधनात धरले; महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हाच ग्रंथ इंग्रजी न्यायालयांपुढे प्रमाण मानला गेला. भाऊबंदांची वाटणी होताना भांडी अंगणात मांडून त्यांचे वाटे घालत. तेव्हा माहेरचे नाव असलेले भांडे कोणाचे, हे सांगण्यास वेगळा साक्षीदार लागत नसे.

मात्र हा इतिहास सर्व घरांचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. भूमिहीनांच्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या घरांत पाणी बहुधा मातीच्या मडक्यातच असे, आणि त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी काही अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली म्हणून १९३५ साली त्यांना मारहाण झाल्याची हकीगत दिली आहे. धातूचे भांडे वापरणे हा जिथे अपराध ठरत होता, तिथे त्यावर स्वतःचे नाव घालून घेणे किती दूरची गोष्ट होती हे वेगळे सांगायला नको. आणि म्हणून अशा घरात पहिल्यांदा आलेल्या नावाच्या हंड्याचे मोल इतर कोणत्याही हंड्यापेक्षा अधिक मानले पाहिजे.

तांब्या-पितळेला पहिला शह अ‍ॅल्युमिनियमने दिला. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी करून पाहिली आणि लवकरच तो उद्योग मोठा झाला. महाराष्ट्रात ही भांडी ‘जर्मनची’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ती हलकी व स्वस्त होती आणि त्यांना कल्हई लागत नव्हती. पण रुखवतात, म्हणजे वधूकडच्यांनी लग्नात मांडलेल्या भेटींत, त्यांना मान मिळाला नाही. तो मान स्वातंत्र्यानंतर स्टेनलेस स्टीलला मिळाला आणि तिथेच पितळेचा पराभव झाला. पुढे गॅसची शेगडी आली, तिच्यावर जड बुडाची तपेली नकोशी झाली. नळ घरात आला तेव्हा हंडा-कळशीची गरज कमी झाली. बंबाचे काम विजेने घेतले. कल्हईवाल्याची आळीतली हाक विरळ होत गेली.

जागेचा प्रश्न याहून कठीण होता. मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पोटमाळा हीच काय ती साठवण होती. पुण्यात वाड्यांचे माळे आणि कोठीच्या खोल्या प्रशस्त होत्या, परंतु १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना आणि १९७० नंतर वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांना तर काय ठेवायचे हे ठरवण्याची सवडही मिळाली नाही; १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि घरांबरोबर घरांतले सारे वाहून गेले.

वाडा सोडताना जी निवड झाली तिचा कल स्पष्ट होता. देवघरातली पळी-पंचपात्री, समई, निरांजने आणि फार तर दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी एक घंगाळ मागे ठेवले गेले. मोठ्या पराती, तपेली आणि हंडे मोडीत निघाले. मोडीत देणे म्हणजे घडणीची किंमत सोडून केवळ धातूच्या वजनावर वस्तू विकणे. दुकानदार तांबे व पितळ वेगळे करी, कल्हईचे कथील आणि डागाचे झाळण यांच्यापोटी घट धरी, म्हणजे वजनातून काही भाग वजा करी, आणि उरलेल्याचे पैसे किंवा तितक्या किमतीचे स्टील देई. भांडे लहान असते ते देवाचे म्हणून राही आणि मोठे असते ते अडचणीचे म्हणून जाई. पण लांबलचक मजकुराला जागा मोठ्या भांड्यावरच होती. धातूला भाव होता हेच येथे घातक ठरले. निरुपयोगी वस्तू निदान माळ्यावर पडून राहते. विकली जाणारी वस्तू राहत नाही. ज्या घरांनी आजीचे हंडे मोडले त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ती भांडी गरजेला उपयोगी पडावीत याच हेतूने कधीकाळी घेतलेली होती.

कागदांना यापेक्षा बरे दिवस आले, ते माणसांमुळे. वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, हुडकून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. भांड्याकुंड्यांना असा वाली मिळाला तो ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांच्या रूपाने. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, झाऱ्या आणि स्वयंपाकाची भांडी जमवायला सुरुवात केली आणि बालपणीच वारलेल्या मुलाच्या नावाने उभारलेल्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. हे कार्य थोर आहे. परंतु संग्राहकाची नजर साहजिकच घडणीकडे आणि सौंदर्याकडे जाते, त्यामुळे साध्या घागरीवरचा साधा मजकूर संग्रहालयाच्या वाट्याला क्वचितच येतो. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथाने शिलालेख आणि ताम्रपट अभ्यासकांपुढे एकत्र ठेवले. घरगुती भांड्यांवरच्या लेखांचे तसे संकलन अद्याप मराठीला हवेच आहे. धातूवरची एक तारीख किती काम करते याचे उदाहरण वाईजवळ मेणवलीला आहे: नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे वर्ष आहे, आणि ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे हे ओळखताना त्या आकड्यांचा आधार मिळतो.

सर्व भांडी ठेवणे आज कोणालाही शक्य नाही आणि तसा आग्रह धरणेही योग्य नाही. मात्र घर रिकामे करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने भांडे मोडीत देण्यापूर्वी ते चिंचेने घासून, तिरप्या उजेडात धरून, त्यावरचा मजकूर संक्षेपांसह जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा, भांड्याचे नाव, धातू व उंची नोंदवावी, अक्षरांचे छायाचित्र काढावे आणि ते नाव कोणाचे हे घरातील सर्वांत वयस्क स्त्रीला विचारून पुढे लिहावे. एवढे काम एका दुपारी होते आणि त्यानंतर भांडे गेले तरी चालेल.