चंद्रभागेचें पाणी आणि शिंदे गांवचा लढा

आषाढी एकादशीस पंढरपुरीं पोहोंचलेला वारकरी प्रथम चंद्रभागेंत स्नान करतो आणि मग विठ्ठलाच्या दर्शनास जातो. हें पाणी कोठून येतें? देहू-आळंदीवरून वाहणारी इंद्रायणी तुळापुराजवळ भीमेस मिळते. तीच भीमा उजनीच्या धरणांतून पुढें पंढरपुरास येते आणि तेथील चंद्रकोरीसारख्या वळणामुळें चंद्रभागा म्हणविते. तेव्हां इंद्रायणीच्या खोऱ्यांतील कारखान्याची चिंता पंढरपुरास वाटावी, यांत नवल नाहीं.

२००८ सालीं असा प्रसंग आला. पुणें जिल्ह्यांत, चाकणजवळच्या शिंदे-वासुली येथील गायरानाची सुमारें १०० एकर जमीन डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीस संशोधनकेंद्रासाठीं देण्यांत आली होती. १९८४ सालीं भोपाळांत ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला, ती कंपनी डाऊनें २००१ सालीं विकत घेतली होती. येथें उत्पादन नसून केवळ संशोधन होईल, असें कंपनीचें म्हणणें. तर येथें कोणतीं रसायनें हाताळणार हें आम्हांस नीट सांगितलेलें नाहीं, ही ग्रामस्थांची तक्रार. त्यांनीं रस्ता अडवून काम थांबविलें. निवृत्त न्यायमूर्ति कोळसे-पाटील त्यांच्या पाठीशीं उभे राहिले आणि नदीच्या काळजीनें वारकरीहि लढ्यांत उतरले. जुलैमध्यें बांधकामाच्या जागीं जाळपोळ झाली. तिचें समर्थन करतां येणार नाहीं. परंतु ज्यांच्या मुखीं अहोरात्र नामस्मरण, तो समाज इतका कां प्रक्षुब्ध झाला, हें समजून घेतलें पाहिजे. अखेर २०१० सालीं कंपनीनें ती जागा सोडली.

अमेरिकेंत २०१६ सालीं स्टँडिंग रॉक येथील सू लोकांनीं मिसूरी नदीखालून जाणाऱ्या तेलाच्या नळास असाच विरोध केला. आपलें पिण्याचें पाणी नासेल, हीच त्यांची भीति होती. तेथें मात्र २०१७ सालीं नळांतून तेल वाहूं लागलें.

शिंदे गांवानें लढा जिंकला. इंद्रायणी मात्र निर्मळ झाली नाहीं. त्यानंतरच्या वर्षांतहि आळंदीच्या घाटावर तिच्या पाण्यावर फेंस तरंगतांना यात्रेकरूंनीं पाहिला आहे. त्यांत कारखान्यांचा वांटा आहे, तसा शहरांतील घरांच्या सांडपाण्याचाहि आहे. परक्या कंपनीस गांवच्या वेशीवर अडवितां येतें. आपल्याच न्हाणीघरांतून निघणारें पाणी कोणीं अडवावें? या प्रश्नाचें उत्तर पंढरपुरानें नव्हे, आपण शहरवासीयांनींच द्यावयाचें आहे.