अंथरूण आणि पांघरूण : घोंगडीपासून कॅरीमॅटपर्यंत

थंडीचा विचार करताना आपले लक्ष बहुधा पांघरुणाकडे जाते. अंथरुणाचा इतिहास मात्र दुर्लक्षितच राहिला आहे. वस्तुतः उघड्यावर झोपणाऱ्याला थंडी जेवढी वरून लागते, तेवढीच, किंबहुना अधिक, खालून लागते. शरीराच्या भाराखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही आणि ऊब तर साठलेल्या हवेतच असते. त्यामुळे अंगातील उष्णता थेट जमिनीत उतरत राहते.

मराठीत या दोन गरजांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. एकाचे मूळ संस्कृत 'आस्तरणा'त, तर दुसऱ्याचे 'प्रावरणा'त शोधले जाते. परंतु दख्खनच्या मेंढपाळाला दोन वस्तू वाहणे परवडणारे नव्हते. त्याची घोंगडी दोन्ही कामे करी. पावसात तीच खोळ म्हणून डोक्यावर येई. सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेल्या आणि चिंचोक्याची खळ दिलेल्या या वस्त्राची लोकर राठ असते. राठ असल्यामुळेच ते दगडावर, काट्याकुट्यांवर टिकते. घरात बैठकीसाठी विणण्याऐवजी थापून केलेला लोकरीचा बुरणूसही असे. अरबीत 'बुरनुस' म्हणजे टोपीचा झगा; मराठीत येता येता अंगावरचे वस्त्र अंगाखाली गेले, हा अर्थबदल लक्षणीय आहे.

घोंगडीची मर्यादाही भाषेने नोंदवून ठेवली आहे. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार आपण रेंगाळलेल्या प्रकरणासाठी वापरतो. लोकर ओलसर असतानाही काही ऊब देते, हे खरे. पण चिंब भिजलेली घोंगडी जड होते आणि लवकर वाळत नाही. संतांनी घोंगड्याला देहाचे रूपक केले, तेही वापरून जीर्ण होणाऱ्या या रोजच्या वस्तूच्या परिचयातूनच.

विसाव्या शतकात गिर्यारोहण हा छंद झाला आणि वजनाचे गणित बदलले. ब्रिटनमधील लँकेशायर परगण्यातील 'कॅरिमोर' कंपनीने 1960 च्या दशकात बंद छिद्रांच्या फोमची चटई आणली. तिचे व्यापारी नाव 'कॅरिमॅट'. कंपनीच्या नावातच 'अधिक वाहा' या अर्थाचा इंग्रजी श्लेष होता. आपल्याकडील दुर्गप्रेमींनी ते नाव सामान्यनाम म्हणून स्वीकारले. आज पनवेलहून प्रबळगडाकडे वा डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालेल्या तरुणाच्या पाठीवरची कोणत्याही कंपनीची गुंडाळी 'कॅरीमॅट'च असते. या फोमच्या छिद्रांत पाणी शिरत नाही, ही त्याची घोंगडीवरची मात.

यापुढचा टप्पा ऊब मोजण्याचा. चटई उष्णतेला किती अडवते, हे 'आर-मूल्या'ने सांगतात. त्याच्या चाचणीचे सामाईक प्रमाण अमेरिकेत 2018 मध्ये निश्चित झाले. साध्या फोमचे मूल्य साधारण 2 च्या आसपास असते. सह्याद्रीतल्या बहुतेक रात्रींना ते पुरते. हिमालयात बर्फावर झोपायचे तर 5 च्या पुढचे मूल्य पाहावे लागते. दोन थर एकावर एक ठेवले की मूल्यांची बेरीज होते. म्हणजे फोमवर घोंगडी अंथरणारा जुना गिरिभ्रमणकार शास्त्राला धरूनच वागत होता.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. मावळ्याच्या खांद्यावरची घोंगडी आपण चित्रांत गौरवतो. ती ज्या मेंढीची, त्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला मात्र आज गिऱ्हाईक नाही. कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून अनेक ठिकाणी लोकर फेकून दिली जाते. मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. ऊब मोजण्याची साधने हाती आली, तेव्हाच ऊब देणारी आपली वस्तू बाजारातून मागे सरली.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण मर्यादेचा उपदेश म्हणून शिकवतो. ती शिकवताना ते अंथरूण कशाचे होते, कोणी विणले होते, हेही वर्गात सांगायला हवे. वस्तू विस्मृतीत गेली की म्हण उरते, पण तिच्यातला अनुभव निघून जातो.